काकीचा वर्ग आणि ऐंशी-जी

मार्च महिना लागला की माझं डोकं ठिकाणावर नसतं. मी सीए आहे. मुलुंड पूर्वेला राहते, तिथंच माझं छोटंसं ऑफिस आहे, आणि एरवी रस्त्यात ओळखही न दाखवणारी माणसं मार्चमध्ये मला भाजीवाल्याकडे गाठतात. "मॅडम, टॅक्स वाचवायचाय, काहीतरी सुचवा ना." वर्षभर काय झोपला होतात, असं मी त्यांना तोंडावर विचारते. तरी ते येतात आणि मीही कुरकुरत त्यांचं काम करते.

या वैतागात एका ट्रस्टच्या देणगीच्या पावत्या मात्र मी स्वतः बसून करते. ऑफिसातल्या कुणाला त्यांना हात लावू देत नाही. तो ट्रस्ट आमच्या समोरच्या काकीचा. ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्यायच्या म्हणून काढलेला, आणि आयकरातली ऐंशी-जीची सवलत मिळवलेला. ती सवलत मिळावी म्हणून मी जिवाचं रान केलं. ते काही समाजसेवा म्हणून नव्हे. काकीनं आम्हाला सोडून जाऊ नये, एवढाच माझा स्वार्थ होता. 'आम्हाला' म्हणजे खरं तर मलाच.

काकी म्हणजे आमच्या मजल्यावरच्या समोरच्या दाराची. आम्ही कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला आले. काकीचं कुटुंब अलिबागकडचं, बेने इस्रायल. पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारे, कोकणातले ज्यू. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाकडे त्यांना शनवार तेली म्हणत. मला लहानपणी यातलं काही ठाऊक नव्हतं. काकीकडे शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागतो आणि शनिवारी गॅस पेटत नाही, एवढंच कळायचं. शनिवार सकाळचा चहा आमच्याकडून त्यांच्याकडे जायचा, आणि नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या रसातला हलवा त्यांच्याकडून आमच्याकडे यायचा. हलव्याचा मोठा तुकडा माझा, हे ठरलेलं होतं.

माझी आई महापालिकेच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे दुपारी आमचं घर बंद असायचं. मी शाळेतून आले की काकीकडे जेवायचे. काकी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, सकाळची पाळी करून घरी आलेली असायची. त्या नोकरीनं तिला एक सवय लावली: समोरचा माणूस लांबच्या गावी आहे आणि लाइन खराब आहे, असं धरूनच ती बोलते. मला तिनं कधी नावानं हाक मारली नाही. बेल वाजली की आतूनच ओरडायची, "समोरची आली बघा!" आणि कुणीतरी येऊन दार उघडायचं. मी सीए झाले, लग्न झालं, ते मोडलं, आई-वडील पाठोपाठ गेले आणि मी पुन्हा याच घरात राहायला आले. काकीच्या लेखी यातलं काही घडलंच नाही. मी बेल वाजवली की तीच आरोळी. आत ती एकटी असायची, तरीही 'बघा' म्हणायची.

काकांनी, म्हणजे काकीच्या नवऱ्यानं, घरी एक वर्ग सुरू केला होता. रविवारी संध्याकाळी हॉलमधला सोफा भिंतीला लागायचा, सतरंजी पडायची आणि ठाणे, कल्याण, अंबरनाथहून समाजातली मुलं यायची. हिब्रू अक्षरं, प्रार्थना, सणांच्या गोष्टी. प्रार्थना आपल्या जुन्या कोकणी चालीतच म्हणायच्या, यावर काकांचा कटाक्ष होता. काका गेले तेव्हा सुतक संपल्यावरच्या पहिल्याच रविवारी काकीनं सतरंजी टाकली. रडून डोळे सुजलेले, पण आवाज तोच.

मुलं मात्र कमी होत गेली. काही कुटुंबं इस्रायलला गेली. जी इथं होती त्यांच्या मुलांना रविवारीसुद्धा ट्यूशन. काकीचा स्वतःचा मुलगा तिकडेच स्थायिक झालेला, एका समुद्राकाठच्या गावात. त्याची बायको रशियातून तिथं आलेली, त्यामुळे घरात बोलणं सगळं हिब्रूत. तो दर आठवड्याला म्हणायचा, "आई, आता ये ना इकडे." आणि काकी म्हणायची, "वर्ग आहे तोवर मी कशी येऊ? बंद पडला की येते."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात बिरडं सोलत होते. सतरंजीवर त्या रविवारी चारच मुलं होती. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं शेजारीण जाईल म्हणून घाबरावं, हे कुणाला सांगितलं तर हसेल. पण मला घरात वाट पाहणारं दुसरं कुणी नव्हतं.

काकीला एक नात होती, आठेक वर्षांची. शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉल यायचा. काकी मोठ्यांदा "शालोम!" म्हणायची, नात "शालोम, सव्ता!" म्हणायची. सव्ता म्हणजे आजी. तिथं दोघींचं बोलणं संपायचं. मग नात मांजर उचलून दाखवायची आणि काकी मांजराशी मराठीत बोलायची. "काय गं, जाडी झालीस! दूध मिळतं ना?" फोन ठेवला की ती माझ्याकडे बघायची. "गोड आहे गं पोर. पण बोलू काय तिच्याशी? मला येते ती हिब्रू देवाशी बोलायची." हे अगदी खरं होतं. काकीला प्रार्थनेचं पुस्तक घडाघडा वाचता यायचं. अर्थ मात्र ती शेजारच्या मराठी पानावर बघायची.

शिष्यवृत्तीची कल्पना काकीचीच. अंबरनाथच्या एका बाईंचे यजमान वारले आणि त्यांची दोन मुलं वर्गाला यायची थांबली. काकीनं फोन केला तेव्हा कळलं की शाळेची फीच भरवत नव्हती, तिथं मुलुंडला कुठं पाठवणार. काकीनं त्याच संध्याकाळी माझी बेल वाजवली.

"शाळेची फी आपण भरायची. सगळ्या मुलांची. आणि मुलं रविवारी आपल्याकडे येणार. कसं?"

"झकास. आणि आपण म्हणजे कोण?"

"मी करते ना फोन."

ऑपरेटरचा फोन तो. पुण्याचे भाचे, ठाण्याचे निवृत्त गृहस्थ, अलिबागच्या वाडीवाले, दुबईतले माजी विद्यार्थी, सगळ्यांना तिनं गाठलं. सगळे हो म्हणाले. आणि हो म्हटल्यावर प्रत्येकानं एकच गोष्ट विचारली: ऐंशी-जी आहे का? देणगी दिली तर करात सवलत मिळेल का?

काकी भडकली. "देवाच्या कामाला देतायत की तुझ्या त्या इन्कम टॅक्सला?" मी तिला समजावलं की माणूस वाईट नसतो, मार्च वाईट असतो. कर वाचणार असला की लोक देतात, आणि थोडं जास्तच देतात. रीतसर ट्रस्ट करू, ऐंशी-जीची मान्यता घेऊ, मग वर्गाची चिंता मिटली. मनात म्हटलं, आणि तू जायची चिंताही मिटली.

मसुदा मी स्वतः करायला घेतला आणि पहिल्याच अटीला अडले. तसं मला हे माहीत असायला हवं होतं, माझा धंदाच तो. पण घरच्या कामात माणूस कायदा विसरतो. ट्रस्ट एकाच धर्माच्या किंवा जातीच्या लोकांसाठी असेल, तर त्याला ऐंशी-जी मिळत नाही. ज्यू मुलांसाठी असं लिहिलं की सवलत गेली.

मी काकीला सांगितलं. मग मी, मुलुंडची नावाजलेली सीए, तिला अक्कल शिकवायला गेले.

"काकी, त्यात काय एवढं? लिहायचं, हिब्रू भाषा, ज्यू इतिहास आणि ग्रंथ शिकू इच्छिणाऱ्या कोणत्याही धर्माच्या, जातीच्या विद्यार्थ्यासाठी. येणार तुझीच मुलं. मुलुंडमध्ये हिब्रू शिकायला दुसरं कोण मरायला येतंय?"

"आणि आलं तर?"

"नाही गं येत कुणी."

"आलं तर काय करायचं ते सांग. दार लावून घ्यायचं? सही कुणाची असणार त्याच्यावर, तुझी की माझी?"

काकीनं विचार करायला आठवडा घेतला. त्या आठवड्यात तिनं समाजातल्या कुणालाच फोन केला नाही, यावरून तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. काकांनी वर्ग काढला होता तो आपली मुलं आपली राहावीत म्हणून. तो सगळ्या मुलुंडला उघडायचा म्हणजे काय, हे तिचं तिलाच ठरवायचं होतं. शनिवारी मी चहा घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, "लिही. सगळ्यांसाठी. पण लिहिलं की खरंच सगळ्यांसाठी हां. खाली गेटवर पाटी लावायची."

"पाटी कशाला गं आता?"

"लोकांना कळणार कसं मग?"

आणि तिनं एलियाहूला, त्यांच्या प्रेषिताला, नवस बोलला की कागद हातात आला की मलिदा करीन. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू नबी रथातून आला होता, रथाच्या चाकांच्या खुणा अजून खडकावर आहेत, असं काकी मानते. माझ्या क्लायंटांपैकी कुणी आयकराच्या कामासाठी नवस बोलल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं. मला मनातून फार बरं वाटलं. आपल्या बाजूनं कुणीतरी वरचं आहे म्हटल्यावर कामाला हुरूप येतो.

कागद आला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी असा परातभर मलिदा झाला आणि आख्ख्या सोसायटीनं खाल्ला. देणग्या आल्या. अंबरनाथची दोन्ही मुलं परत यायला लागली. गेटवर पाटी लागली. मी म्हटलं, सुटलो.

पुढच्याच महिन्यातल्या एका रविवारी मी बाजारातून आले तर लिफ्टबाहेर चपलाच चपला. काकीच्या दारापासून माझ्या दारापर्यंत. मला वाटलं, काकीला काही झालं. धावत आत गेले तर सतरंजीवर मुलांच्या मागं मोठी माणसं मांडी घालून बसलेली. साकीनाक्याच्या वर्कशॉपमधले दोन वेल्डर, एक नर्सिंगची विद्यार्थिनी, आणि भांडुपची एक बाई, घरोघरी म्हातारी माणसं सांभाळणारी. कुणीतरी आमच्या पाटीचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवला होता. इस्रायलला म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला, बांधकामावर काम करायला इथून माणसं जातात. तिकडे जायचं तर भाषा यायला हवी. आणि इथं तर शिकवून वर शिष्यवृत्तीही, हे त्यांनी पाटीवर वाचलेलं.

काकी खुर्चीवर ताठ बसली होती. "तुम्हाला कशासाठी शिकायचंय?" तिनं भांडुपच्या बाईला विचारलं.

"काकी, माका थंय कामाक जावचा हा," बाई म्हणाली. "म्हातारा माणूस सांभाळूचा. त्येका खंय दुखता ता त्येच्या भाषेत इचारूक येवक होया."

काकी माझ्याकडे वळली आणि तिला वाटलं ती कुजबुजतेय. "हे बघ तुझे कुणी न येणारे!" आख्ख्या हॉलला ऐकू गेलं. मुलं खिदळली.

मी तिला स्वयंपाकघरात नेऊन म्हटलं, यांना नोकरीपुरती भाषा हवी, त्यासाठी बाहेर क्लास असतात, तू यांना नम्रपणे नाही म्हण. मी लहानपणी ताटात वालाचं बिरडं टाकलं होतं तेव्हा पाहिलं होतं, तसंच काकीनं माझ्याकडे पाहिलं. "सही माझी आहे," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन तिनं सगळ्यांना पहिल्या अक्षरापासून, 'अलेफ'पासून सुरुवात करून दिली.

माणसं जिद्दीची होती. उन्हाळा सरेपर्यंत भांडुपची बाई शुक्रवारच्या दिव्याची प्रार्थना मालवणी हेलात न अडखळता वाचायला लागली. पण तिचा प्रश्न जिथल्या तिथं होता. "काकी, ह्या सगळा बरा हा. पण खंय दुखता?" काकीनं पुस्तक पुढून मागून चाळलं. "अगं बाई, आमच्या पुस्तकात सगळं देवाला विचारलंय. पेशंटला काय विचारायचं ते नाही दिलेलं."

मग त्या शुक्रवारी कॉल आला. शालोम झालं, मांजर आलं. काकीनं मांजराकडे दुर्लक्ष केलं. फोन मला धरायला सांगितला, स्वतः उभी राहिली, गुडघा धरला आणि मोठ्यांदा कण्हली. मग भुवया उंचावून बोटानं सगळं अंग दाखवून विचारलं, कुठं? नात आधी हसली, मग घाबरली, मग पुन्हा हसली. आणि एकदम तिला कळलं. "एफो कोएव!" ती ओरडली. कुठं दुखतंय. काकी पंचाहत्तरीची बाई, जागच्या जागी टाळ्या वाजवत होती.

त्या दिवसापासून दोघींचे फोन शुक्रवारपुरते राहिले नाहीत. काकीला रविवारच्या वर्गासाठी शब्द हवे असायचे: गोळी, भूक, जिना, हळू चाला, पाणी गरम आहे. ती तळहातावर पेनानं लिहून ठेवायची आणि नातीला विचारायची. पोरगी मास्तरीण निघाली. उच्चार चुकला की डोळे वटारायची, काकीकडून चार चार वेळा म्हणवून घ्यायची. काकी तिला सूड म्हणून मराठी शब्द म्हणायला लावायची. पुढे पुढे तर वर्गातच स्टुलावर टॅबलेट ठेवला जायचा. तिकडे रविवारी शाळा असते. शाळेतून आली की पोरगी दप्तरासकट कॅमेऱ्यासमोर बसायची आणि वेल्डरना, मुलांना, भांडुपच्या बाईला आणि आपल्या आजीला एकाच काठीनं हाकायची. आजीला नात ओरडते हे बघायला अंबरनाथची मुलं एक रविवार चुकवेनात. आणखी मुलं आली. मोठ्यांची बॅच वेगळी करावी लागली.

ऐंशी-जीची पहिली मान्यता तात्पुरती असते. ती पक्की करायच्या वेळी खात्याकडून प्रश्न आला, लाभार्थी नेमके कोण? मी नावं पाठवली. त्यात बेने इस्रायल मुलं होती, दोन वेल्डर होते, मालवणी बाई होती, आमच्या वॉचमनची मुलगी होती. मान्यता पक्की झाली. इतकं सरळ काम मी आयुष्यात केलं नव्हतं. मी खुशीत होते. वर्ग असा भरलेला, देणग्या येतायत, आता काकी कुठं जातेय!

भांडुपची बाई इस्रायलला गेली. तिकडे एका आजोबांकडे कामाला लागली आणि तिचा आवाजी मेसेज आला. "काकी, म्हातारो माका हसता. म्हणता, तू पोथी वाचल्यासारख्या बोलतंस. पण सगळा समाजता त्येका." काकीनं तो मेसेज आख्ख्या मजल्याला ऐकवला.

त्यानंतरची गोष्ट एका शुक्रवारची. मी ऑफिसातून लवकर आले होते, काकीच्या सोफ्यावर चहा घेत होते. ती आतल्या खोलीत नातीशी बोलत होती. अडखळत, थांबत, पण बोलतच होती. शब्द मला कळत नव्हते. मध्येच मांजर यायची वेळ झाली असं वाटायचं, पण मांजर येत नव्हतं. नात काहीतरी विचारायची, काकी लांबलचक सांगायची, दोघी हसायच्या. मग एकदा बराच वेळ नातच बोलत होती.

काकी बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. "विचारत होती, बाबा लहानपणी कसा होता. सांगितलं गं मी. गॅलरीतून डबा खाली टाकला होता ते, काकांच्या हातचा मार खाल्ला ते, सगळं. मोडकंतोडकं, पण कळलं तिला." मग चहाच्या कपाकडे बघत म्हणाली, "मी जाते गं तिकडे."

माझं डोकंच फिरलं. "वर्ग बंद पडला की जाणार होतीस ना तू? पडलाय बंद? बाहेर चपला ठेवायला जागा नाही, आणि तू जाते म्हणतेस?"

"म्हणून तर जाते. आधी गेले असते तर काय केलं असतं तिथं? कोपऱ्यात बसून मांजराशी बोलले असते."

"तिकडे भोंगे वाजतात, काकी! लोक जिन्याखाली पळतात. तू टीव्ही बघत नाहीस का?"

"बघते ना. पोर पण तिथंच राहते." ती हळू बोलली. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा. "भोंगा वाजला की घाबरते, म्हणाली. जवळ घेऊन तिला काय सांगायचं, ते आता येतं मला."

मी कप तसाच ठेवून घरी आले आणि दार आपटलं. ज्या कागदांसाठी मी रात्रीचा दिवस केला, त्यांनीच तिला तिकडची वाट दाखवली होती. पाटी लागली नसती तर भांडुपची बाई आली नसती, ती आली नसती तर कुठं दुखतंय हे कुणी विचारलं नसतं, आणि काकी आपली माझी राहिली असती. मला भयंकर राग आला होता. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी मी चहा केला, आणि तो घेऊन गेले. शनिवारी तिला कोण देणार दुसरं?

मग बांधाबांध. कपडे कमी आणि खवणी मोठी. तिकडे डब्यातलं नारळाचं दूध मिळतं म्हटलं तर तिनं मला झापलं. वर्ग ठाण्याच्या एका तरुण बाईकडे सोपवला. ती लहानपणी काकांकडेच शिकलेली. घर विकायचं नाही, वर्ग इथंच चालायचा, आणि किल्ली माझ्याकडे. निघताना काकीनं चौकटीवर ठोकलेल्या प्रार्थनेच्या डबीला हात लावला, बोटं ओठांना लावली. मग माझ्या गालाला तीच बोटं लावली आणि लिफ्टमध्ये शिरली. मी खूप रडले. तीही रडली असणार, लिफ्टमधून आवाज येत होता.

आता शुक्रवारी दुपारी मी फोन करते. फोन नेहमी नातीच्या हातात असतो. ती भराभर काहीतरी बोलायची, मी "शालोम" म्हणायचे. ती थोडा वेळ माझ्याकडे बघायची आणि मांजर उचलून दाखवायची. काकी येईपर्यंत मी मांजराशी मराठीत बोलायचे. तीनचार शुक्रवार हे झालं आणि मला माझाच वैताग आला.

रविवारी किल्लीनं दार उघडून दिलं आणि परत जायच्या ऐवजी मुलांच्या मागं सतरंजीवर बसले. गुडघे कुरकुरले. ठाण्याची बाई म्हणाली, "ताई, तुम्ही?"

"कोणत्याही धर्माचा, जातीचा विद्यार्थी," मी म्हटलं. "ट्रस्टचं डीड मीच लिहिलंय. शिष्यवृत्ती नको, नुसतं शिकवा."

अंबरनाथच्या मुलीनं मला 'अलेफ' काढायला शिकवलं. माझा 'ख' घशातून येत नाही म्हणून मुलं हसतात. अक्षरं मला अजून उलटसुलट दिसतात. पण मला एकच वाक्य आधी हवं होतं. ते मी ऑफिसात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यासमोर उभी राहून म्हणत होते.

शुक्रवारी फोन लावला. पडद्यावर नात आली. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "सव्ता बबायित?" आजी घरी आहे का?

पोरगी डोळे विस्फारून माझ्याकडे बघत राहिली. मांजराकडे गेलेला तिचा हात थांबला. मग तिनं मान मागं वळवली आणि लाइन फार खराब असल्यासारखी, अगदी काकीच्या आवाजात ओरडली, "आजी! समोरची आली बघा!"